डावं मागचं चाक

३ मार्च २०२५, सोमवार

आठ एप्रिलला गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षं पूर्ण. त्याआधी पासिंग करून नोंदणी वाढवून घ्यायची, नाहीतर गाडी रस्त्यावर आणता येणार नाही. गेली पाच वर्षं दर शनिवारी पेपरच्या पुरवणीतल्या माझ्या स्तंभात मी लोकांना सांगते की कागदांच्या तारखा बघत जा. आणि स्वतःचं आरसी काल उघडलं, तेही जावयाने विचारलं म्हणून!

काल स्वरूपा आणि धनेश वाकडहून जेवायला आले होते. एक एप्रिलपासून लेक महाळुंग्याच्या एका कंपनीत रुजू होतेय, क्वालिटी विभागात. बाळंतपणानंतर चार वर्षांनी परत कामावर. तिला गाडी लागणार आणि माझ्या नवऱ्याने, ज्योतीरामांनी, आमची द्यायची ठरवलीये. सिद्धेशची बालवाडी तिच्या वाटेवरच, म्हणजे नातवाला सोडणारही तीच. इथे धनेश अडला.

"पप्पा, स्वरूपाला द्या, माझं काही म्हणणं नाही. पण सिद्धेश त्या गाडीत बसणार नाही. पंधरा वर्षांची गाडी आहे. तो माझ्याच गाडीतून जाईल."

ज्योतीरामांचा घास हातातच राहिला. नोकरीची शेवटची अकरा वर्षं ते चाकणच्या एका प्लांटमध्ये लाइनच्या टोकाला होते, ब्रेक तपासायच्या रोलरवर. तयार झालेली प्रत्येक गाडी त्यांच्या पायाखालून बाहेर पडायची. आमची चंदेरी गाडीसुद्धा. तिचे ब्रेक त्यांनी स्वतः तपासले, आणि मग तीच आम्ही घेतली. नातवाने त्या गाडीत बसायचं नाही, म्हणजे त्यांच्या हातावर विश्वास नाही, असा त्यांनी अर्थ घेतला. मीही तसाच घेतला, खरं तर.

"धनेशराव, मशीनवर पास झाली तर?"

"एजंटकडून नाही ना?"

"एजंट कशाला? मी नेतो की. पहिल्या फेरीत पास करून आणतो."

"पहिल्या फेरीत पास झाली, तर सिद्धेशला मीच तिच्यात बसवीन."

स्वरूपा म्हणाली, "पैजा कसल्या लावताय दोघं? आमटी निवतेय."


५ मार्च, बुधवार

स्तंभ सहाला दहा कमी असताना पाठवला. एकोणतीस वर्षं उपसंपादक होते, वेळ चुकली नाही. निवृत्तीनंतर कशाला चुकवू?

या वेळी फक्त वाचकांच्या शंका घेतल्या. निम्मे फोन एकाच गोंधळाचे. 'ताई, माझी पीयूसी ताजी आहे, मग पासिंग कशाला?' पीयूसी फक्त धुराची. गाडी थांबते की नाही हे धूर सांगत नाही, एवढं एकच वाक्य लिहिलं. महाळुंग्याच्या एका मालकांचा फोन वीस मिनिटं चालला. "आमची गाडी घरचीच हाय, ताई. पांढऱ्या पाटीची. कंपनीला फकस्त भाड्यानं लावलीया. पासिंग पंधरा वर्षांनीच ना मग?" त्यांना सांगितलं, भाड्याने लावली की ती घरची राहत नाही. पिवळी पाटी लागते, आणि पिवळ्या पाटीला तपासणी फार लवकर लवकर. ते म्हणाले, "आमच्या गल्लीत तर समद्याच पांढऱ्या हायेत." मग फोन ठेवला. रागावले नव्हते, हिशेब करत असावेत गल्लीचा.

ज्योतीराम मजकूर वाचून म्हणाले, "अजून एक लिही. कागदावर जी तारीख असती ती कागदाची. गाडीची तारीख रोज आजची."

शेवटचं वाक्य म्हणून घातलं. माझ्या आख्ख्या मजकुरात तेच चांगलं होतं.


७ मार्च, शुक्रवार

सोमवारची वेळ मिळाली, सकाळी साडेदहा. अर्ज मी ऑनलाइन भरला, एजंट लागला नाही.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या गॅरेजचा पिंटू आला. त्याला कुठून कळतं देव जाणे.

"काका, सोमवारी पासिंग ना? टायर देतो. सकाळी लावायचे, संध्याकाळी काढायचे."

"माझे टायर चांगलेत की."

"चांगले आहेत ओ, पण हे पासिंगचे आहेत. चाळीस गाड्या पास करून आलेत. अनुभवी आहेत."

"मग सर्टिफिकेट त्या टायरलाच देऊन टाक म्हणावं. गाड्या कशाला नेता?"

पिंटू मनापासून हसला, चहा प्यायला, जाताना म्हणाला, "काका, तुम्ही एकटेच राहिलाय असले."

इथे हे उघड चालतं. पासिंगच्या दिवसापुरते टायर, पासिंगपुरता आरसा, आग विझवायचं नळकांडं सुद्धा. माणूस दुसऱ्याचा कोट घालून मुलगी बघायला जातो तसं. आमची गाडी तशी जाणार नाही, या विचाराने मला बरं वाटलं. बरं म्हणजे, अभिमानच वाटला. लिहायला काय लाजायचं.


८ मार्च, शनिवार

ज्योतीराम एकटेच गाडी घेऊन देहूपर्यंत जाऊन आले. कशी चालतेय विचारलं. "चांगली." पण उत्तर जरा उशिरा आलं.


१० मार्च, सोमवार

पास! पहिल्या फेरीत.

सकाळपासूनचं सगळं लिहिते.

सातला उठले तर ज्योतीराम अंथरुणात नव्हते. चहा घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले. ते मोरीशी हात धूत होते, कोपरापर्यंत काळे. काय करत होतात विचारलं तर म्हणाले, "हवा बघत होतो." हाताला पेट्रोलचा वास होता. टायरच्या हवेला पेट्रोलचा वास येत नाही, हे मला कळतं. मी कप कट्ट्यावर ठेवला आणि वर आले. आज त्यांचा दिवस, उगाच टोकायचं नाही, असं मनाशी म्हटलं.

केंद्र चाकणच्या अलीकडे. लांबलचक शेड, आत एका रांगेत यंत्रं. गाडी एका टोकाने आत जाते, दुसऱ्या टोकाने बाहेर. मालकाने काचेमागे बसायचं. ज्योतीरामांना काचेमागे बसवणं म्हणजे स्वयंपाकिणीला पंगतीत बसवण्यासारखं. उभेच राहिले. दिव्यांचा झोत कुठे पडतो, धूर किती, हॉर्न किती, चाकं सरळ रेषेत चालतात का, खाली खड्ड्यात माणूस उभा राहून सांधे हलवून बघतो. प्रत्येक यंत्राआधी ज्योतीराम मला हळूच सांगत होते, आता काय होणार, मशीन काय बघणार. आणि तसंच होत होतं. शेजारी बसलेले तीन-चार मालकही सरकून जवळ आले ऐकायला. एकाने विचारलं, "काका, तुम्ही इथलेच का?"

मग रोलर. तिथे मात्र ते गप्प झाले. पुढची चाकं, मग मागची. पडद्यावर आकडे आले. मागच्या चाकांत डाव्या-उजव्या ब्रेकच्या जोराचा फरक सात टक्के. हा फरक जितका कमी तितकं चांगलं.

ज्योतीरामांनी श्वास सोडला. तो मी ऐकला.

तिथली इंजिनिअर मोनिका, असेल सव्वीस-सत्तावीसची. बाहेर येऊन म्हणाली, "काका, पंधरा वर्षांच्या गाडीचे असे आकडे मी पहिल्यांदा बघतेय. कोण मेकॅनिक तुमचा?"

मीच ज्योतीरामांकडे बोट दाखवलं.

नोंदणी आणखी पाच वर्षं. येताना गाडी मी चालवली. त्यांनी कागद मांडीवर धरला होता, दोन्ही हातांनी.


११ मार्च, मंगळवार

धनेश ऑफिसमधून परस्पर आला. कागद पूर्ण वाचला, आकड्यांचं पानसुद्धा. मग हात जोडले. "पप्पा, हरलो. एक तारखेला सिद्धेशला मीच मागच्या सीटवर बसवतो."

ज्योतीराम "बरं, बरं" म्हणाले आणि चहाचं विचारायला आत आले. चहा तर मी आधीच ठेवला होता.


१२ मार्च, बुधवार

स्तंभ पाच वाजताच गेला. मथळा: 'पंधरा वर्षांनंतरची परीक्षा'. स्वतःच्या घरचं लिहिताना हात आखडतो, पण या वेळी सोडला. शेडमधली प्रत्येक पायरी लिहिली, म्हणजे वाचक घाबरणार नाही. आणि शेवटी: 'आमच्या गाडीला भाड्याचे टायर नव्हते, एजंट नव्हता, पासिंगपुरती कुठलीही खास तयारी नव्हती. रोज वापरतो तशीच गाडी नेली आणि ती पास झाली.'

पुरवणीची संपादक निशिगंधा. तिचा लगेच फोन. "ताई, मस्त झालंय. काकांचा फोटो पाठवा ना गाडीबरोबर." पाठवला.


१३ मार्च, होळी

पुरणपोळ्या बावीस. ज्योतीरामांनी एकच खाल्ली.


१५ मार्च, शनिवार

सकाळी अंक आला. फोटो चांगला आलाय, चार रकाने. खालच्या मजल्यावरच्यांनी दार वाजवून अभिनंदन केलं. ज्योतीराम अंक घेऊन गॅलरीत बसले ते बसलेच. पोहे गार झाले.

अकराच्या सुमाराला आत आले. माझ्यासमोर बसले. म्हणाले, "सुमन, हे शेवटचं खरं नाही."

मी विचारलं, कुठलं शेवटचं. माहीत असून विचारलं.

डाव्या मागच्या चाकाच्या आत, ब्रेकच्या ड्रममध्ये, ब्रेकचं तेल झिरपतं. लाइनरला, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीला, तेल लागलं की ब्रेक धरत नाही. त्यांना हे आठ तारखेला देहूच्या रस्त्यावर कळलं, ब्रेक दाबला की गाडी जराशी उजवीकडे ओढते. सुटा भाग मागवला असता तर आठ-दहा दिवस. वेळ सोमवारची. आणि जावयाला सांगून बसले होते, पहिल्या फेरीत. म्हणून सोमवारी सकाळी चाक उतरवून, ड्रम उघडून, लाइनर पेट्रोलने पुसला, पॉलिश पेपरने घासला, ब्रेक दोन दात आवळला. चार-पाच दिवस धरतो. पासिंगला तेवढं पुरतं.

"ही युक्ती कोणी शिकवली?"

"शिकवली नाही कोणी. लाइनवर पोरं करायची, आकडा बसावा म्हणून. मी पकडायचो. अकरा वर्षं दुसऱ्यांची पकडली मी, सुमन."

त्यांचा आवाज चढला नाही, पडला नाही. रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं. मी रागवायला हवं होतं. पिंटूला चहा पाजून हिणवलेलं, ते अनुभवी टायर, सगळं डोक्यात आलं. पण खरी अडचण वेगळी होती. ते काळे हात मी पाहिले होते. पेट्रोलचा वास मला आला होता. उपसंपादकाला एक ओळ खटकली की तो फोन करतो, तेवढं तर मी एकोणतीस वर्षं केलं. त्या सकाळी केलं नाही. कारण मला ती ओळ हवी होती.

त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तुझा काय संबंध."

आहे.


१६ मार्च, रविवार

वाकडला, लेकीकडे बाराव्या मजल्यावर.

जाताना रस्त्यात मी म्हटलं, मी सांगू का? नको म्हणाले. बसने गेलो. चंदेरी गाडी त्यांनी काढली नाही.

सिद्धेश आजोबांच्या मांडीवर चढला, तर त्याला उतरवून स्वरूपाकडे दिला आणि धनेशला म्हणाले, "धनेशराव, तो कागद खरा हाय, पण मी खोटा मिळवलाय." आणि सगळं सांगितलं. चाक, तेल, पॉलिश पेपर. एक गोष्टही मऊ करून सांगितली नाही.

जावयासमोर मान खाली घालणं त्यांच्या पिढीच्या माणसाला किती अवघड, हे मला माहीत आहे. आणि त्यांनी मान खाली घातलीच नाही. त्याच्याकडे बघत सांगितलं. माझ्या लग्नाला अडतीस वर्षं झाली. या माणसाचा एवढा अभिमान मला परवाच्या सात टक्क्यांनीही वाटला नव्हता.

धनेश म्हणाला, "पप्पा, सांगितलंत हे बरं केलंत. पण मग सिद्धेश माझ्याच गाडीतून जाईल. सॉरी."

"बरोबर हाय. मी असतो तर मीही हेच म्हणलो असतो."

स्वरूपा खाली सोडायला आली. लिफ्टमध्ये वडिलांचा हात धरला आणि म्हणाली, "कंपनीत पहिल्या दिवशी विचारतील, क्वालिटी कुठे शिकलात. काय सांगू?"

"सांग, घरी. थोडी उशिरा."


१८ मार्च, मंगळवार

केंद्रावर परत. मी म्हटलं मीही येते.

मोनिका ओळखून हसली. "काका, कागदात काही चुकलं का?" यांनी तिलाही सगळं सांगितलं. तिचं हसू गेलं, मग कपाळावर आठी. "पास झालेली गाडी घेऊन परत कोण येतं, काका? इथे परत येतात ते भांडायला."

"मला खरा आकडा बघायचाय."

तिने वरिष्ठांना विचारलं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत रोलर मोकळा असतो, फिरवून बघा म्हणाले. नोंद होणार नाही. दिलेला कागद जागेवर राहील.

फिरवून बघितलं. फरक एकेचाळीस टक्के.

गाडी नापास. आणि आमच्या कपाटात पाच वर्षांचा पास. दोन्ही एकाच गाडीचे, आठ दिवसांच्या अंतराने. इतकी वर्षं मी वाचकांना कागद समजावते आहे, आज मला समजला.

मोनिकाने डबा उघडला नव्हता. ती म्हणाली, "मला दाखवा, कसं केलंत ते. पुढच्याचं पकडता आलं पाहिजे."

मग ज्योतीराम चाकाशी उकिडवे बसले, गुडघा दुखतो तरी. नटांवर पान्याचे ताजे ओरखडे बघायचे, आणि एकाच चाकाच्या नटांवर असतील तर विचारायचं, का रे बाबा, याच्याशीच काय वैर? ड्रमच्या कडेला नाक न्यायचं, पेट्रोलचा वास दुपारपर्यंत राहतो. धूळ बघायची, तिन्ही चाकांवर सारखी आणि चौथ्यावर बोटांचे ठसे. ती मोबाइलमध्ये फोटो काढत होती, मध्येच थांबवून परत विचारत होती. ज्योतीराम पुन्हा सांगत होते. तिची सुट्टी संपली, दोघांनाही कळलं नाही.

"काका, हे कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही."

"कसं असेल? लिहिणारे प्रामाणिक असतात."


१९ मार्च, बुधवार

आज स्तंभ लिहायला साडेतीन तास लागले. एरवी दीड.

'गेल्या शनिवारी या जागी एक वाक्य चुकीचं छापलं गेलं. आमची गाडी रोज वापरतो तशी नेली नव्हती. तपासणीच्या सकाळी मागचा ब्रेक तात्पुरता नीट करण्यात आला होता. शंका यावी असं मी पाहिलं होतं आणि विचारलं नाही. दुरुस्तीनंतर नव्हे, तर डागडुजीनंतर मिळालेला कागद आमच्याकडे आहे. त्याची मुदत पाच वर्षं, त्या ब्रेकची मुदत पाच दिवस होती.' पुढे ओरखड्यांचं, वासाचं, सगळं. आणि मालकाने महिन्यातून एकदा स्वतः काय बघावं, ते.

नाव घालू का विचारलं. "ज्योतीराम असं पूर्ण घाल. 'करण्यात आला' काय? कोणी केला? मी केला." वाक्य बदललं. त्यांचं बरोबर होतं, मी आडोसा घेत होते.

निशिगंधाचा फोन. "ताई, चूक आपल्या पेपरची नाहीये, तुमच्या घरातली आहे. घरातच राहू द्या ना. कोणाला कळणारे?"

"छापली अंकात आहे. दुरुस्तीही अंकातच."

"स्तंभ बंद करायला सांगितलं वरून, तर?"

"तर शेवटचा चांगला झाला म्हणायचं."

ती हसली नाही. पण एक शब्दही कापणार नाही म्हणाली, मी शनिवारी ताडून बघेन.


२२ मार्च, शनिवार

जसाच्या तसा आलाय. पहिला फोन सातला. "ज्योतीराम आहेत का? आमच्या गाडीचं मागचं चाक बघायचं होतं."

दुपारपर्यंत सोळा. दोन शिव्या देणारे. त्यातला एक आमच्याच इमारतीतला.

पिंटू येऊन खालूनच ओरडला, "काका, माझे टायर बदनाम केले तुम्ही!" वर आला, चहा प्यायला.


२४ मार्च, सोमवार

सुटे भाग आले. मागच्या दोन्ही चाकांचे, कारण एका बाजूचा बदलून चालत नाही, जोडी बदलायची. दिवसभर पार्किंगमध्ये. मी पाने हातात देत होते, चुकीचे. चार वाजता मोनिकाला फोन करून गेलो, शेड बंद व्हायच्या आधी रोलरवर.

चार टक्के.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, शेडमध्ये दोनच माणसं होती. मोनिका म्हणाली, "काका, हा आकडा कुठेच नोंदवला जाणार नाही, माहितीये ना?"

"मला माहितीये की."

रात्री जेवणाआधी धनेशला फोन केला त्यांनी. चार टक्के सांगितले. तो म्हणाला, "छान झालं, पप्पा. स्वरूपा निश्चिंत चालवेल. सिद्धेशचं मात्र माझ्याकडेच राहू द्या."

"राहू द्या," म्हणाले. फोन ठेवून ताट वाढून घेतलं. भाकरी मोडताना बोटं जरा थांबली, एवढंच. एकदा गेलेला शब्द चार टक्क्यांनी परत येत नाही, आणि त्यांनी तो मागितलाही नाही.


२६ मार्च, बुधवार

स्तंभ: टायरवरची तारीख कशी वाचावी. वेळेत. बंद केलेला नाही अजून.


३० मार्च, पाडवा

सगळे आले. गुढी स्वरूपाने उभारली. मग दोन्ही गाड्यांना हळदीकुंकू, आमच्या चंदेरीला आणि धनेशच्या मोठ्या पांढऱ्या गाडीला. सिद्धेशने दोन्हींच्या बॉनेटला झेंडू चिकटवायचा प्रयत्न केला, तो पडत राहिला.

ज्योतीरामांनी स्वरूपाला स्टिअरिंगवर बसवून, स्वतः शेजारी बसून गाडी मोकळ्या रस्त्यावर नेली. "दाब आता. पूर्ण दाब." गाडी रेषेत थांबली, मी फाटकातून बघत होते. तीनदा करायला लावलं. स्वरूपा परत येऊन म्हणाली, "आई, पप्पांनी मला परीक्षेला बसवलं." पण चेहरा खुलला होता. पस्तिशीला टेकलेली माझी लेक, कंपनीच्या नव्या ओळखपत्रावर तिचा फोटो बघितला आज.

निघता निघता धनेश घुटमळला. चावी बोटावर फिरवत म्हणाला, "पप्पा, ते आईंच्या लेखात आलं होतं ना, मालकाने महिन्यातून एकदा बघावं. मी कधीच बघितलं नाही. आमच्या गाडीचा थांबताना जरा करकर आवाज येतो. बघता का एकदा?"

"सोडून जा आज. सकाळी उजेडात बघू."

ते तिघं आता स्वरूपाच्या झालेल्या चंदेरी गाडीतून जायला निघाले, तर धनेशने सिद्धेशसाठी रिक्षा बोलावली. आपण दोघं रिक्षाने जाऊ म्हणाला. ज्योतीरामांनी रिक्षावाल्याला वाकडचा पत्ता नीट समजावून सांगितला.


३१ मार्च, सोमवार

धनेशच्या गाडीचं पुढचं चाक आठला उतरवलं. ब्रेकचा पॅड पूर्ण संपलेला, लोखंडावर लोखंड घासतंय, तबकडीला नख अडकेल अशी खाच. दुसऱ्या बाजूलाही तेच. गाडी चार वर्षांची. आरसी २०३६ पर्यंत.

ज्योतीरामांनी फोटो पाठवला नाही, धनेशला बोलावून घेतलं. तो चाकाशी बसला, त्या खाचेवरून नख फिरवलं. मग म्हणाला, "पप्पा, मी ह्याच्यातून त्याला रोज नेत होतो."

दुपारी आमच्याकडे उभ्या असलेल्या आपल्या गाडीतून तो सिद्धेशची बसायची खुर्ची काढून घेऊन गेला. उद्यापासून ती चंदेरी गाडीत असेल.